शेवटची ओळ पुढच्या पानावर

चौतीस वर्षं मी पुण्यात मुद्रितं तपासली. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात लागले तेव्हा शिशाच्या खिळ्यांची जुळणी संपत आली होती. मग संगणकावर पेजमेकर आला, श्रीलिपी आली, काळ्या शाईने माखणारे हात स्वच्छ राहू लागले, पण माझं काम तेच राहिलं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, सुटलेला शब्द भरायचा, ओळ नीट बसवायची. कादंबऱ्या, दिवाळी अंक, आरोग्याची पुस्तकं, पाठ्यपुस्तकं, सगळं हाताखालून गेलं. कवितासंग्रहही शेकड्याने गेले असतील. ऐंशी पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे पाच फॉर्मे, त्यात निम्मं पान कोरं. एका दुपारी काम हातावेगळं व्हायचं. इतके संग्रह वाचूनही मी एकही कविता वाचलेली नव्हती, हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून सांगते.

मराठवाड्यातल्या एका कवीचा पहिला संग्रह होता. त्यातली एक कविता आईवर होती. हापशावर पाणी भरणारी आई, शहरात निघून गेलेली मुलं, संध्याकाळ. कवितेची शेवटची ओळ तीन शब्दांची होती आणि ती पुढच्या पानावर जात होती. पानभर कोरा कागद आणि माथ्याला तीन शब्द. शिवाय त्या एका पानामुळे संग्रह ऐंशीच्या बाहेर जात होता. मी ऑपरेटरला म्हटलं, दोन कडव्यांमधली एक मोकळी ओळ काढ, शेवटची वर घे. ओळ वर आली, पान वाचलं, पाच फॉर्मे बरोबर बसले. त्याच कवितेत आईच्या तोंडी ‘न्हाई’ होतं, तेही मी चार ठिकाणी ‘नाही’ केलं.

पुस्तक बांधून तयार झाल्यावर कवी गठ्ठे न्यायला आले. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी ते पान काढलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, ती ओळ त्या पानावर एकटी राहायला पाहिजे होती. आई घरात एकटी राहिली ना, म्हणून.”

‘न्हाई’बद्दल ते काही बोलले नाहीत. ते मला माझं मलाच नंतर सापडलं. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे लेखननियम मला तोंडपाठ होते. त्यात पात्राच्या तोंडची भाषा तिच्या उच्चाराप्रमाणे लिहावी असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे नियमानेही मी चुकले होते. कवितेत बोलणारी आई हे पात्र आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला तिथे फक्त अशुद्ध शब्द दिसला.

निवृत्त झाल्यावर आम्ही सात जण दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी एरंडवण्यातल्या एका घरी जमू लागलो. ठरलं असं की महिन्याला एक कवितासंग्रह, तोही शक्यतो गेल्या पन्नास वर्षांतला, मराठी किंवा दुसऱ्या भारतीय भाषेतला, आणि एकानं त्याचं रसग्रहण मांडायचं. आमच्यात हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, बँकेतले एक काका आहेत, फर्ग्युसनला शिकणारी एक मुलगी आहे.

पहिल्या दोन बैठका मला आवडल्या नाहीत. प्रत्येकानं एक कविता वाचायची आणि ‘कवीला इथं असं म्हणायचं आहे’ असं सांगायचं. वीस मिनिटांत पुस्तक संपायचं आणि पोहे यायचे. तिसऱ्या वेळी माझी पाळी होती. मी चार फुलस्केप लिहून नेली होती. प्रतिमा, आशय, सामाजिक भान, सगळे शब्द होते. माझं वाचून झाल्यावर हिंदीच्या बाईंनी विचारलं, “तुम्ही जे सांगितलंत ते एखाद्या लेखात सांगता आलं असतं का?” मी म्हटलं, आलं असतं. “मग कवीनं लेख का नाही लिहिला?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी आले आणि छापखान्यातली ती दुपार आठवली. एकटी ओळ वर घेतल्यावर कवितेचा अर्थ बदलला नव्हता. गोष्ट तीच राहिली होती, आईही एकटीच होती. तरी काहीतरी गेलं होतं आणि जे गेलं ते कवीला लगेच दिसलं. म्हणजे माझ्या चार फुलस्केपांत जे नव्हतं ते नेमकं तेच होतं.

पुढच्या बैठकीला आम्ही नियम केला की ‘कवीला म्हणायचं आहे’ हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. पान सांगायचं, ओळ सांगायची, आणि तिथे काय घडतं ते सांगायचं. पुस्तकांना शाळेच्या वह्यांसारखं खाकी कव्हर घालायचं, म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर आणि पुरस्काराची चिकटवलेली पट्टी झाकली जाईल. प्रस्तावना कविता वाचून झाल्यावरच वाचायची. ‘गोलपिठा’ वाचताना हा शेवटचा नियम फार उपयोगी पडला. नामदेव ढसाळांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातला, पण 1972 च्या त्या संग्रहातली भाषा आहे मुंबईच्या कामाठीपुऱ्यातली. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आधी वाचली असती तर आम्ही त्यांचा हात धरून त्या वस्तीत शिरलो असतो. तसं न केल्यामुळे पहिले आठ दिवस आम्ही चाचपडलो, कोशात न सापडणारे शब्द वहीत लिहून ठेवत राहिलो. बँकेतले काका म्हणाले, शब्द कळत नाही पण शिवी कुठली आणि लाड कुठला हे आवाजावरून कळतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि खरंच कळत होतं.

माझी स्वतःची रीत मात्र वेगळी निघाली. मी रोज सकाळी एक कविता हातानं उतरवून काढू लागले. आशय समजावा म्हणून नाही, सवय म्हणून. आयुष्यभर मजकुरावर बोट ठेवून वाचलेलं, नुसते डोळे फिरवले की माझं लक्ष लागत नाही. आठवड्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. उतरवताना माझा हात काही ठिकाणी आपोआप स्वल्पविराम टाकायला जायचा आणि वर पाहिलं तर कवीनं टाकलेला नसायचा. कुठे मी ओळ पुढे नेत असायची आणि कवीनं ती आधीच मोडलेली असायची. कुठे मला ‘आणि’ हवा असायचा आणि तिथे काहीच नसायचं. अशा प्रत्येक ठिकाणी मी पेन्सिलीनं समासात टिंब देऊ लागले. पूर्वी हीच ठिकाणं मी दुरुस्त करत आले होते.

दुसऱ्यांदा वाचताना फक्त टिंबांपाशी थांबायचं. कविता जवळजवळ नेहमी तिथेच असते, असं माझं मत झालं आहे.

याचा सर्वात लख्ख अनुभव मला अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’त आला. पुस्तक इंग्रजी आहे, 1976 चं, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. माझं इंग्रजी बेताचं, तरी उतरवून काढायचं ठरवलं. त्यात उंबरठ्याची चार ओळींची कविता आहे. बोलणाऱ्याला कळतं की हा उंबरठा नाही, आडवा पडलेला खांब आहे. गोष्ट संपली. पण तिसऱ्या ओळीत एकच शब्द आहे, नुसता होकार. मग चौथ्या ओळीत तो पुन्हा तेच म्हणतो. माझा हात तो होकार चौथ्या ओळीला जोडायला गेला. जोडून पाहिला तर ते साधं विधान झालं, माहिती दिल्यासारखं. वेगळा ठेवला की त्या एका शब्दाच्या पुढे-मागे माणूस थबकतो, वाकतो, हात लावून बघतो, आणि मग खात्रीनं बोलतो. हे वाकणं कवितेत कुठेही लिहिलेलं नाही, मोकळ्या जागेतच ते उभं राहतं. ती चार ओळींची कविता घेऊन मी पूर्ण सकाळ बसले होते. छापखान्यात ती मला अर्धं मिनिट लागली असती.

त्याच संग्रहात शेवटाकडे ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्या नाचतात. तिथे शब्द पानभर उड्या मारत छापलेले आहेत, वरचे खाली, खालचे वर. मी ते पान बघून ऑपरेटरची आठवण काढली. असं पान जुळवायला दिवस जातो आणि तपासायला मूळ प्रत शेजारी ठेवून प्रत्येक शब्दाची जागा पट्टीनं मोजावी लागते. कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रात नावाजलेले दृश्यकलाकार होते. पान ही त्यांच्यासाठी नुसती कविता ठेवायची जागा नव्हती.

संग्रह पूर्ण उतरवून झाल्यावर मी एक दिवस स्वारगेटवरून एसटीनं जेजुरीला गेले. दिवे घाट, सासवड, पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. पुस्तक पिशवीत होतं. पहिली कविता एसटीची आहे. खिडक्यांना ताडपत्र्या बंद केलेल्या, उजाडायचं आहे, बाहेरचं काही दिसत नाही, समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात आपलाच दुभंगलेला चेहरा तेवढा दिसतो. मी दुपारच्या उन्हात उघड्या खिडकीशी बसले होते, मला दिवे घाट पूर्ण दिसत होता. गड चढले, दीपमाळा पाहिल्या, भंडाऱ्यानं पिवळे झालेले दगड पाहिले, दर्शन घेतलं. मी श्रद्धेनं गेले होते. कोलटकरांचा प्रवासी तसा जात नाही. पण त्यानं पडक्या मारुतीच्या देवळात पिल्लं घालून राहिलेली कुत्री ज्या नजरेनं पाहिली, त्यात मला कुठेच हेटाळणी सापडली नाही. उलट देवळाची कुणाला तरी गरज उरली आहे, असं वाटलं. याबद्दल आमच्यात पुढे मोठा वाद झाला. काकांना ते पुस्तक देवाची टिंगल करणारं वाटतं, आजही वाटतं.

संध्याकाळी मी मुद्दाम रेल्वे स्टेशनवर जाऊन बसले, कारण पुस्तक तिथे संपतं. स्टेशनवरच्या त्या शेवटच्या कवितेचे सहा भाग आहेत आणि सहावा भाग मावळत्या सूर्याचा. बाकावर बसून मी अनुक्रमणिका उघडली आणि तेव्हा पहिल्यांदा दिसलं: उजाडण्याआधी एसटीत सुरू झालेलं पुस्तक सूर्य मावळताना स्टेशनवर थांबतं. पूर्ण संग्रह म्हणजे एक दिवस आहे. कुठल्याही समीक्षकानं हे केव्हाच लिहून ठेवलं असणार. पण मला ते त्या बाकावर, उन्हं उतरताना, स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, आणि माझं अंग शहारलं.

तेव्हापासून संग्रह हातात आला की मी आधी अनुक्रम पाहते. पहिली कविता आणि शेवटची कविता शेजारी ठेवते. यात वाईटही खूप दिसतं. सध्या निघणाऱ्या कित्येक संग्रहांना क्रमच नसतो. दहा वर्षांत लिहिलेलं सगळं शहाण्णव पानांत भरलेलं असतं, पाठोपाठच्या तीन कवितांत तोच पाऊस आणि तीच खिडकी. कवी स्वतः पैसे घालून पुस्तक काढतो, कुणी संपादन करत नाही, मीही केलं नाही. पन्नासातल्या वीस कविता काढून टाकायला सांगणारं माणूस त्याला भेटायला हवं होतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. चांगल्या कविता त्या गर्दीत गुदमरतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

हिंदीच्या बाईंनी त्यांच्या पाळीला विनोदकुमार शुक्ल आणले. 2024 चा ज्ञानपीठ त्यांना जाहीर झाला, पण बाई त्यांना फार आधीपासून वाचत होत्या. हताश होऊन बसलेल्या माणसाची ती प्रसिद्ध कविता त्यांनी एकदा वाचली आणि आम्हाला म्हणाल्या, मराठी करा. सोपी वाटली. बोलणारा त्या माणसाला ओळखत नाही पण हताशा ओळखतो. तो हात पुढे करतो. तो माणूस याला ओळखत नाही पण पुढे आलेला हात ओळखतो. मग दोघं सोबत चालतात. पूर्ण कवितेत ‘जानना’ हे एकच क्रियापद सहा वेळा येतं, तीनदा नकारानं, तीनदा होकारानं. मराठीत माणसाला आपण ‘ओळखतो’, हताशाही ‘ओळखतो’ म्हणता येईल. पण सोबत चालणं? ते ‘ओळखत होतो’ म्हटलं की कानाला खटकतं, ‘माहीत होतं’ म्हटलं की धागा तुटतो, ‘जाणत होतो’ म्हटलं की भाषा उगाच भारदस्त होते. फर्ग्युसनची मुलगी अडून बसली की खटकलं तरी चालेल, पण सहाही ठिकाणी ‘ओळखणं’च ठेवायचं. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही त्या एका क्रियापदावर बोलत होतो. त्या दिवशी पोह्यांची आठवणही कुणाला झाली नाही. मला ती मुलगी बरोबर वाटते.

कोलटकरांच्याच मराठी ‘भिजकी वही’ला आम्ही दोन महिने दिले. चारशेच्या जवळ पानं आणि देशोदेशीच्या, पुराणातल्या, इतिहासातल्या दुःख सोसलेल्या बायका: अपाला, इसिस, कॅसॅन्ड्रा, कण्णगी, राबिया. कोलटकर 2004 च्या सप्टेंबरात इथेच पुण्यात गेले आणि या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार त्यानंतर मिळाला. ते सलग वाचायचं पुस्तक नाही. मी दिवसाला एक बाई घ्यायची, दुपारी, घरात कुणी नसताना. नादेज्दापाशी आले तेव्हा हिंदीच्या बाईंनी सांगितलं की या रशियन बाईनं नवऱ्याच्या, ओसिप मांडेलश्टामच्या, कविता पाठ करून जिवंत ठेवल्या, कारण त्या काळात त्या लिहून ठेवणं धोक्याचं होतं. ते ऐकल्यावर मी उतरवण्याबरोबर पाठ करायलाही लागले. साठीनंतर पाठांतर होत नाही हा समज खोटा आहे. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मी आठ-दहा ओळी रोज म्हणते. पाठ झालेली कविता महिन्याभरानं अचानक एखाद्या शब्दापाशी उघडते, बसस्टॉपवर, भाजी निवडताना. पुस्तक जवळ नसताना ती जे सांगते ते पुस्तकासमोर सांगत नाही.

अनुराधा पाटील यांच्या ‘कदाचित अजूनही’ या संग्रहावर मी अजून मांडणी केलेली नाही. तीनदा उतरवला. त्यातलं न बोललेलं फार मोठं आहे आणि मला घाई करायची नाही.

गेल्या श्रावणात पुन्हा माझी पाळी आली. मी कपाटातून तो मराठवाड्यातला संग्रह काढला. खाकी कव्हर घातलं. त्यातल्या सोळा कविता उतरवल्या, टिंबं दिली, आणि चक्रावून गेले. इतका चांगला संग्रह माझ्या हातून गेला होता. धूळ, हापसा, दुष्काळातलं लग्न, आणि प्रत्येक कवितेत कुठेतरी एक मोकळी जागा, श्वास घेण्यापुरती. आईच्या कवितेची मी झेरॉक्स काढली. कात्रीनं शेवटची ओळ कापली आणि कोऱ्या कागदाच्या माथ्याला डिंकानं चिकटवली. कडव्यांमधली मोकळी ओळ परत घातली. चार ठिकाणी ‘नाही’ खोडून पेनानं ‘न्हाई’ केलं. सात प्रती काढून घेतल्या.

त्याआधी कवींना फोन केला होता. नंबर बदललेला निघाला, ओळखीच्यांकडून नवा मिळवला. मी काय केलं होतं आणि आता काय करणार आहे ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाचताना पान उलटायला वेळ घ्या, ताई.”

शनिवारी मी ती कविता वाचली. पहिलं पान संपलं तेव्हा सगळ्यांना वाटलं कविता संपली, मुलीनं मान वर केली. मी कागद उलटला. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मग तीन शब्द वाचले.

काकांनी चष्मा काढून पुसला. मुलीनं विचारलं, “ताई, मधली मोकळी ओळ पण त्यांचीच ना?” मी म्हटलं, त्यांचीच. तिनं समासात टिंब दिलं. मग बाईंनी तीच कविता पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि ‘न्हाई’ त्यांनी त्यांच्या नागपुरी आवाजात इतकं सावकाश म्हटलं की मी डोळे मिटून घेतले.